छपाईच्या शाईतील घटक : काजळीचे सातत्य आणि वाहकाचे स्थित्यंतर

प्रस्तावना

मुद्रणाचा इतिहास प्रामुख्याने यंत्रांचा, खिळ्यांचा, मुद्रकांचा आणि प्रकाशित ग्रंथांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. ज्या पदार्थामुळे अक्षर कागदावर उमटते आणि शतकानुशतके टिकते, त्या शाईचा उल्लेख या इतिहासात ओझरताच येतो. शाई ही जणू सदैव एकच असलेली, हवी तेव्हा बाजारात मिळणारी वस्तू होती, असा समज त्यातून निर्माण होतो. वस्तुतः शाई हे अनेक घटकांचे मिश्रण असून प्रत्येक घटकाला नेमून दिलेले कार्य आहे. त्यांतील एखादा घटक बदलला की छपाईची पद्धत, ग्रंथाचे आयुष्य आणि काही वेळा ग्रंथाविषयी समाजाची वृत्तीही बदलते.

छपाईच्या शाईचे घटक स्थूलमानाने तीन गटांत विभागता येतात. पहिला, रंग देणारे रंगद्रव्य. दुसरा, त्या रंगद्रव्याला खिळ्यापासून कागदापर्यंत वाहून नेणारा आणि तेथे धरून ठेवणारा द्रव, म्हणजे वाहक. तिसरा, वाळणे, चिकटणे, प्रवाहीपणा इत्यादी गुणांचे नियमन करणारी पूरक द्रव्ये. काळ्या शाईपुरते पाहिले तर पहिल्या गटात प्राचीन काळापासून आजपर्यंत मूलतः एकच पदार्थ दिसतो, तो म्हणजे काजळी. इतिहास घडला तो दुसऱ्या गटात. शाईचा इतिहास हा मुख्यतः वाहकाचा इतिहास आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असून एकोणिसाव्या शतकातील मुंबईत शाईतील चरबीवरून निर्माण झालेला प्रश्न या दृष्टीने कसा समजून घेता येतो, याचाही विचार येथे केला आहे.

१. लेखणीची शाई : काजळी, डिंक आणि पाणी

'शाई' हा शब्द काळेपणा दर्शविणाऱ्या फारसी 'सियाही' या शब्दावरून आला. संस्कृतातील 'मषी' हा शब्दही काजळीशीच निगडित आहे. पोथ्या लिहिण्यासाठी भारतात वापरली जाणारी उत्तम काळी शाई दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात दीर्घकाळ खलून तयार होत असे. काजळी म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या रूपातील कार्बन. तो पाण्यात विरघळत नाही, सूर्यप्रकाशाने फिका पडत नाही आणि सामान्य आम्ल-अल्कलींना दाद देत नाही. मात्र त्याच्या अंगी कागदाला चिकटण्याचा गुणही नाही. ते कार्य डिंक करतो. डिंकाचे रेणू काजळीच्या कणांभोवती आवरण तयार करून त्यांना पाण्यात तरंगत ठेवतात आणि पाणी उडून गेल्यावर त्यांना कागदाशी बांधून ठेवतात. खलण्याला महत्त्व होते ते यामुळेच. खल अपुरा झाला तर कणांचे पुंजके राहतात आणि शाई तळाशी बसते.

याहून भिन्न असा दुसरा प्रकार म्हणजे हिरडा किंवा तत्सम टॅनिनयुक्त पदार्थ आणि हिराकस यांची शाई. हिराकशीतील लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाने कागदाच्या तंतूंतच काळा पदार्थ निर्माण होतो, म्हणून ही शाई सहजासहजी पुसता येत नाही. परंतु तिच्यातील आम्ल आणि शिल्लक राहिलेले लोह कालांतराने कागदाला जाळते. जुन्या दस्तऐवजांत अक्षरांच्या जागी कागद विरलेला अथवा छिद्रे पडलेली आढळतात, त्याचे एक प्रमुख कारण हे आहे. काजळीची शाई कागदाला अपाय करीत नाही, पण ओलाव्याने पसरते. लोहाची शाई ओलावा सोसते, पण कागदाला खाते. टिकाऊपणाच्या या दोन कल्पनांतील निवड लेखनिकाला करावी लागत असे.

चीनमध्येही काजळी आणि प्राणिज सरस यांची शाई प्रचलित होती आणि लाकडी ठशांच्या छपाईला ती पूर्णपणे अनुरूप ठरली. इसवी सन ८६८ मध्ये छापलेले 'वज्रसूत्र' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. लाकूड पाणी धरून ठेवते, कागद पातळ व शोषक असतो आणि त्यावर मागील बाजूने हलक्या हाताने घासले की ठसा उमटतो. कोरियात १३७७ मध्ये 'जिकजी' हा ग्रंथ धातूच्या खिळ्यांनी छापला गेला. तेथेही छपाईची रीत हाताने घासण्याचीच होती. धातूचे खिळे, जाड कागद आणि दाबयंत्र ही तिन्ही एकत्र आली, तेव्हा मात्र पाण्याची शाई अपुरी पडली.

२. पाण्याकडून तेलाकडे

पंधराव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील माइंझ येथे योहान गुटेनबर्गने धातूच्या सुट्या खिळ्यांनी छपाई सुरू केली. त्याच्या कार्याचे वर्णन करताना खिळे आणि दाबयंत्र यांवर भर दिला जातो, परंतु तिसरे आवश्यक अंग शाईचे होते. पाण्याचा पृष्ठताण अधिक असल्याने गुळगुळीत धातूवर त्याचे थेंब गोळा होतात, सलग थर बसत नाही. तेल मात्र धातूवर पसरते. म्हणून मुद्रकांनी चित्रकारांच्या तैलरंगांचा मार्ग स्वीकारला आणि काजळी जवसाच्या तेलात खलली.

जवसाचे तेल निवडण्यामागे रासायनिक कारण आहे. त्यातील मेदाम्लांपैकी सुमारे निम्मा भाग लिनोलेनिक आम्लाचा असतो. या आम्लातील दुहेरी बंध हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतात, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि द्रव तेलाचे घन पापुद्र्यात रूपांतर होते. रूढ भाषेत याला 'वाळणे' म्हटले जात असले, तरी येथे काहीही उडून जात नाही. उलट तेल हवेतून ऑक्सिजन घेते. तेल आधी दीर्घकाळ उकळून दाट केले तर ही क्रिया छपाईपूर्वीच अंशतः घडून येते. अशा दाट तेलाला वार्निश म्हणत. उकळणे अपुरे राहिले तर तेलाचा पातळ अंश कागदात झिरपून अक्षराभोवती पिवळसर तपकिरी वलय पडते. जुन्या ग्रंथांत हा दोष आजही ओळखता येतो.

या वार्निशात इतर पदार्थ मिसळले जात. राळेमुळे शाईला चिकटपणा आणि चकाकी येई. मुर्दाडशिंगासारखी शिशाची संयुगे वाळण्याची क्रिया जलद करीत, म्हणजे शुष्कक म्हणून कार्य करीत. साबणामुळे शाई खिळ्यावरून स्वच्छ सुटून कागदावर उतरे आणि खिळे धुणेही सुलभ होई. काजळीच्या रंगात किंचित तपकिरी झाक असते. ती झाकण्यासाठी नीळ, आणि अठराव्या शतकाच्या प्रारंभी बर्लिनमध्ये शोध लागल्यानंतर प्रशियन ब्लू, अल्प प्रमाणात घालण्यात येऊ लागली. लंडनच्या विल्यम सॅव्हेज याने १८३२ मध्ये शाईच्या निर्मितीवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात जवसाचे तेल, राळ, साबण, काजळी, नीळ आणि प्रशियन ब्लू या घटकांचा समावेश आहे.

घटकांतील काटकसरीचा परिणाम ग्रंथावर होतो, ही जाणीवही जुनी आहे. जोसेफ मॉक्सन याने १६८३ च्या सुमारास मुद्रणकलेवर लिहिलेल्या ग्रंथात इंग्रज शाई उत्पादकांवर टीका केली. जवसाच्या तेलाऐवजी स्वस्त माशाचे तेल व अधिक राळ वापरणे आणि तेल पुरेसे न उकळणे, हे दोष त्याने दाखवून दिले आणि डच पद्धतीची प्रशंसा केली. याच्या उलट, डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८० च्या दशकात गुटेनबर्गच्या बायबलमधील शाईचे सायक्लोट्रॉनच्या साहाय्याने विश्लेषण झाले, तेव्हा तीत तांबे व शिसे यांचे प्रमाण लक्षणीय आढळले. साडेपाच शतकांनंतरही ती शाई काळीभोर व तकतकीत आहे.

३. मुंबईतील शिळाछाप आणि चरबीचा प्रश्न

महाराष्ट्रात मुद्रणाला आरंभी झालेल्या विरोधाचा उल्लेख अनेक अभ्यासकांनी केला आहे. मात्र या विरोधाला केवळ नवतेची भीती मानणे पुरेसे नाही. धर्मग्रंथ छापण्याचे एतद्देशीय प्रयत्न त्याआधीही झाले होते. १८०५ मध्ये मिरज येथे तांब्याच्या पत्र्यावरून भगवद्गीता छापली गेली, हे त्याचे उदाहरण. आक्षेप कशाला होता, हे शाईच्या घटकांकडे पाहिल्यास अधिक स्पष्ट होते.

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात मराठी छपाई होऊ लागली, त्यानंतरच्या काळात गणपत कृष्णाजी (१७९९-१८६०) यांनी स्वतःचा शिळाछाप छापखाना उभारला. त्यांनी १८३१ मध्ये छापलेले पंचांग हे पहिले मुद्रित मराठी पंचांग मानले जाते. गोविंद नारायण माडगावकर यांच्या 'मुंबईचे वर्णन' (१८६३) या ग्रंथात त्यांच्या उद्योगाची माहिती येते. शाई त्यांनी स्वतः सिद्ध केली, ही त्यातील विशेष नोंद घेण्याजोगी बाब होय. छापील कागदाला स्पर्श करण्यास कर्मठ मंडळी कचरत, कारण शाईत प्राण्यांची चरबी असते अशी त्यांची समजूत होती. म्हणून चरबीऐवजी तूप वापरून शाई तयार करण्यात आली, अशी हकीकत मराठी मुद्रणाच्या इतिहासात परंपरेने सांगितली जाते.

ही हकीकत बहुधा गमतीदार आख्यायिका म्हणून सांगितली जाते. शिळामुद्रणाचे रसायन लक्षात घेतले तर ती अधिक गांभीर्याने वाचावी लागते. आलॉइस झेनेफेल्डर याने १७९६ ते १७९८ या काळात जर्मनीत विकसित केलेली ही पद्धत तेल आणि पाणी परस्परांत मिसळत नाहीत या तत्त्वावर आधारलेली आहे. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर स्निग्ध शाईने लिहिले असता शाईतील मेदाम्लांचा शिळेतील कॅल्शियमशी संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा साबण तयार होतो. तो भाग पुढे तेलकट शाईच ग्रहण करतो. उरलेल्या शिळेवर डिंक व सौम्य आम्ल यांचा लेप दिला की तो भाग पाणी धरून ठेवतो आणि शाई दूर सारतो. शिळेवर लिहिण्याच्या या शाईचे पारंपरिक घटक मेण, साबण, काजळी आणि प्राण्यांची चरबी हे होत. अर्थात शिळाछापाच्या बाबतीत चरबीविषयीची शंका निराधार नव्हती. स्निग्धता हाच या पद्धतीचा प्राण होता आणि ती देणारा रूढ पदार्थ चरबी हाच होता.

खिळाछापाची स्थिती थोडी वेगळी होती. तेथील मुख्य वाहक, म्हणजे जवसाचे तेल, वनस्पतिजन्य होते. परंतु साबण बहुधा चरबीपासून बनलेला असे. शाई लावण्याचे जुने बोंडे कातड्याचे असत आणि एकोणिसाव्या शतकात त्यांची जागा घेणारे रूळ सरस व काकवी यांच्या मिश्रणातून ओतले जात. सरस हा हाडे व कातडी यांपासून मिळतो. त्यामुळे शाईतून चरबी वगळली तरी छापखान्यातील साधनांचा प्राणिज पदार्थांशी असलेला संबंध संपत नव्हता.

तुपाच्या पर्यायाचाही या दृष्टीने विचार करता येतो. तुपातील मेदाम्ले मुख्यतः संपृक्त असल्याने ते जवसाच्या तेलाप्रमाणे हवेत घट्ट होत नाही. एकटे तूप हे छपाईचा समर्थ वाहक होऊ शकत नाही, त्याने छापलेले अक्षर दीर्घकाळ पुसट होत राहील. मात्र शिळाछापाच्या शाईत चरबीचे कार्य हवेत वाळण्याचे नसून शिळेला स्निग्धता देण्याचे असते. ते कार्य तूप करू शकते, कारण मेदाम्ले त्यातही आहेत. म्हणून हकीकतीत सांगितलेला बदल रसायनदृष्ट्या शक्य कोटीतील आहे. एका स्निग्ध पदार्थाच्या जागी दुसरा आला, पण सामाजिक दृष्टीने तो बदल अपवित्राकडून पवित्राकडे जाणारा होता. वाचकाच्या आचारधर्माचा मान राखून नवे तंत्र त्याच्या घरात नेण्याचा तो मार्ग होता. काडतुसांवरील चरबीच्या शंकेने १८५७ मध्ये घडवलेला क्षोभ पाहता, हा प्रश्न ज्या समाजात उद्भवला त्यात तो क्षुल्लक नव्हता, हे ध्यानात येते.

हा विरोध कालांतराने मावळला. जावजी दादाजी (१८३९-१८९२) यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना स्थापन केला आणि पुढे 'काव्यमाला'सारख्या मालांतून तेथील संस्कृत ग्रंथ देशभरातील पंडितांच्या हाती गेले. शाईतील घटकांची चौकशी मागे पडली आणि पाठशुद्धी व अक्षरवळण हे ग्रंथाच्या प्रतिष्ठेचे निकष झाले.

४. खनिज तेलापासून पुन्हा पाण्याकडे

लंडनच्या 'द टाइम्स' वृत्तपत्राची छपाई २९ नोव्हेंबर १८१४ रोजी प्रथमच वाफेच्या यंत्रावर झाली. तासाला सुमारे अकराशे प्रती हा तिचा वेग होता. वेग वाढला तशी हवेत सावकाश वाळणारी शाई अडचणीची ठरू लागली. वृत्तपत्रांसाठी खनिज तेल हा वाहक रूढ झाला. हे तेल वाळत नाही, ते कागदात शोषले जाते आणि काजळी पृष्ठभागावर राहते. म्हणून वृत्तपत्र वाचताना बोटे काळी होतात. काजळीचे उत्पादनही दिव्यांकडून कारखान्यांकडे गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत नैसर्गिक वायू जाळून आणि १९४० च्या दशकापासून मुख्यतः भट्टीत खनिज तेल अर्धवट जाळून ती मिळवली जाऊ लागली. विल्यम पर्किनच्या १८५६ मधील शोधानंतर डांबरापासून मिळणाऱ्या कृत्रिम रंगांचा मार्ग खुला झाला आणि १९३५ मध्ये बाजारात आलेल्या थॅलोसायनिन निळ्या रंगद्रव्याने रंगीत छपाईला टिकाऊ निळा रंग दिला.

१९७० च्या दशकातील तेलसंकटामुळे अमेरिकेतील वृत्तपत्रांनी पर्यायी वाहकाचा शोध सुरू केला. १९८७ मध्ये आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथील 'द गॅझेट'ने सोयाबीनच्या तेलाची शाई वापरून अंक छापला. खनिज तेलाविषयीची चिंता पुढे आरोग्याच्या क्षेत्रातही पोहोचली. स्विस व जर्मन प्रयोगशाळांनी पुनर्वापरित पुठ्ठ्यातून खाद्यपदार्थांत उतरणाऱ्या खनिज तेलाकडे लक्ष वेधले. भारतात अन्नसुरक्षा आणि मानके (वेष्टन) विनियम, २०१८ नुसार खाद्यपदार्थ साठवण्यासाठी अथवा गुंडाळण्यासाठी वृत्तपत्राचा कागद वापरण्यास मनाई आहे. वड्यातील गरम तेल हे वृत्तपत्राच्या शाईसाठी द्रावकाचे कार्य करते, एवढे लक्षात घेतले तरी या तरतुदीचे औचित्य पटते.

संगणकाशी जोडलेल्या छपाईयंत्रांनी शाईच्या इतिहासाला आणखी एक वळण दिले. चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी यशस्वी केलेल्या कोरड्या प्रतिमुद्रणाच्या तत्त्वावर लेझर छपाई आधारलेली आहे. तिच्या टोनरमध्ये द्रव वाहकच नाही. काजळी कृत्रिम राळेच्या भुकटीत बंदिस्त असते, विद्युत्भाराने ती कागदावर येते आणि उष्णतेने वितळून चिकटते. इंकजेट पद्धतीत मात्र पाणी पुन्हा प्रमुख वाहक झाले. तेथे नळीची छिद्रे अतिसूक्ष्म असल्याने दाट तेल निरुपयोगी ठरते. पाण्यात ग्लायकोल किंवा ग्लिसरॉल मिसळल्याने छिद्रात शाई सुकत नाही, पृष्ठताण कमी करणाऱ्या द्रव्यामुळे थेंब नेमका सुटतो आणि जंतुनाशकामुळे शाई नासत नाही. रंगद्रव्य काजळी असेल तर तिचे कण विखुरलेले ठेवणारे द्रव्य लागते. बोरूच्या शाईत हेच कार्य डिंक करीत असे.

या शाईत पाण्यात विरघळणारा रंग वापरला असेल, तर मात्र काजळीचे सातत्य खंडित होते. असा रंग ओलाव्याने पसरतो आणि प्रकाशाने फिका पडतो. एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांत कागद ठिसूळ झाला तरी अक्षर काळे राहिले. आज काही कागदपत्रांत याच्या उलट, कागद शाबूत आणि अक्षर पुसट, अशी स्थिती उद्भवू शकते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. काळ्या शाईचे रंगद्रव्य बव्हंशी स्थिर राहिले आहे. छपाईच्या प्रत्येक नव्या पद्धतीने प्रामुख्याने वाहक बदलला : डिंकाचे पाणी, उकळलेले जवसाचे तेल, खनिज तेल, सोयाबीनचे तेल, वितळणारी राळ आणि पुन्हा पाणी.

२. धातूच्या खिळ्यांनी दाबयंत्रावर केलेल्या छपाईचे यश तेलाच्या शाईवर अवलंबून होते. त्यामुळे शाईला मुद्रणाच्या इतिहासात खिळे व यंत्र यांच्या बरोबरीचे स्थान मिळणे उचित ठरेल.

३. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत शाईतील चरबीविषयी घेतला गेलेला आक्षेप ही केवळ अंधश्रद्धा नव्हती. शिळाछापाच्या शाईत प्राणिज चरबी हा रूढ घटक होता. गणपत कृष्णाजींच्या तुपाच्या शाईची हकीकत ही तंत्र आणि आचार यांच्यात साधलेल्या तडजोडीची हकीकत आहे.

४. शाईचे घटक हा दस्तऐवजांच्या जतनाचाही प्रश्न आहे. महाविद्यालयांतील प्रबंध, नोंदवह्या, प्रमाणपत्रे आणि इतिवृत्ते आज ज्या यंत्रांवर छापली जातात, त्यांतील शाई काजळीची आहे की विरघळणाऱ्या रंगाची, याची चौकशी खरेदीच्या वेळी होणे आवश्यक आहे. मॉक्सनने साडेतीन शतकांपूर्वी दाखवलेला स्वस्त शाईचा दोष छापताना दिसत नसे, तो कालांतराने उघडकीस येई. दीर्घकाळ जपावयाच्या कागदांच्या बाबतीत हीच सावधगिरी आजही बाळगावी लागेल.